घरांतील प्लॅस्टिकचा कचरा आणि शेतकऱ्याचा उकिरडा

शेतकऱ्याच्या घरांतील केरकचरा हा पूर्वीं टाकाऊ जिन्नस नव्हताच. तो पुढील वर्षाच्या खताचा कच्चा माल होता. झाडून काढलेली धूळ, चुलींतील राख, भाजीचीं देंठें, उष्टें-खरकटें, गोठ्यांतील शेणमूत हें सर्व उकिरड्यावर जाई आणि वैशाखांत गाडीनें शेतांत परत येई. जमिनींतून जें घरांत आलें तें कुजून जमिनींत परत गेलें, असा हा साधा जमाखर्च होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्या जमाखर्चांत एक अशी रक्कम शिरली आहे कीं, ती रोज जमेस येते, परंतु खर्चीं कधींच पडत नाहीं. ती रक्कम म्हणजे प्लॅस्टिक. हें घरांत कसें येतें, त्यापासून शेतकऱ्याचें प्रत्यक्ष नुकसान काय होतें, आणि विशेष खर्च न करितां तें कमी कसें करतां येतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय मीं हातीं घेण्याचें कारण प्रथम सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करून गेल्या वर्षीं मी निवृत्त झालों. सन २०१८ मध्यें राज्य सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली, तेव्हां तिची प्रत आमच्या कचेरींत आली. आवक-नोंदवहींत तिची नोंद मींच केली, आणि गांवोगांवच्या चावडीवर लावण्यासाठीं तिच्या प्रती मींच रवाना केल्या. असें असतां माझ्या स्वतःच्या घरांत रोज रात्रीं खरकटें आणि सालपटें एका काळ्या पातळ पिशवींत भरून, जुन्या साडीच्या किनारीच्या चिंधीनें तिचें तोंड बांधून, ती परसांतील उकिरड्यावर टाकण्याची रीत चालू होती. शहरांत नोकरीस असलेल्या मुलाच्या बिऱ्हाडीं ही व्यवस्था स्वच्छ दिसली, म्हणून ती आम्हीं उचलली होती. सन २०२१ च्या श्रावणांत आमची दुसऱ्या वेताची गाय वैरण खाईना, रवंथ करीना, आणि तिचें पोट फुगूं लागलें. गुरांच्या डॉक्टरांनीं डावी कूस उघडून पोटांतून घमेलेंभर प्लॅस्टिकचा गोळा काढला. गाय तिसऱ्या दिवशीं गेली. तो गोळा पाण्यानें धुऊन पाहतां त्यांत एका काळ्या पिशवीचें तोंड जसेंच्या तसें बांधलेलें निघालें. चिंधी आमच्याच घरची होती. दुसऱ्या कोणास दोष देण्यास जागाच उरली नाहीं. जो हुकूम मीं दुसऱ्यांस कळविला तो माझ्या घरांत मींच पाळला नव्हता.

प्लॅस्टिक कुजत कां नाहीं

बाजारांत मिळणारी पातळ पिशवी बहुधा पॉलिथीन नांवाच्या पदार्थाची असते. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून मिळणाऱ्या एथिलीन वायूचे असंख्य कण एकमेकांस जोडून लांब सांखळ्या बनविल्या म्हणजे हा पदार्थ तयार होतो. त्याचा शोध सन १९३३ मध्यें इंग्लंडांतील एका रासायनिक कारखान्यांत प्रयोग चालू असतां अकस्मात लागला. पुढें सन १९५० मध्यें कॅनडांतील विनिपेग शहरीं हॅरी वॅसिलिक नांवाच्या गृहस्थानें कचरा भरण्याची पॉलिथीनची पिशवी तयार केली. ती आरंभीं तेथील इस्पितळाच्या सोयीसाठीं होती. ज्या ठिकाणीं परसदार नाहीं, गोठा नाहीं व खताचा खड्डा नाहीं, तेथें ही युक्ति सोयीची वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु ज्याच्या दारांतच खड्डा आहे त्या शेतकऱ्यानें ती विकत घ्यावी, हें मात्र नवल आहे.

गवताची काडी, शेण, कागद किंवा सुती चिंधी मातींत पडली म्हणजे मातींतील सूक्ष्म जंतू व बुरशी तिचें अन्न करितात. यालाच आपण कुजणें म्हणतों. पॉलिथीनच्या लांब सांखळ्या तोडून त्या पचविण्याचें सामर्थ्य ह्या जंतूंस जवळजवळ नाहीं. उन्हानें पिशवी ठिसूळ होते व तिचे तुकडे पडतात. तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात, ते डोळ्यांस दिसेनासे होतात, आणि लोक समजतात कीं पिशवी कुजली. तुकडे होणें म्हणजे कुजणें नव्हे, हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

शेतकऱ्याचें नुकसान

पहिलें नुकसान जनावराचें. गाय-म्हैस चारा निवडून खात नाहीं. जिभेनें घास ओढून ती तो फारसा न चावतां गिळते, आणि निवांतपणें बसल्यावर रवंथ करिते. पिशवींतून अन्नाचा वास येतो, पण पिशवी सोडण्यास जनावरास हात नाहींत. म्हणून ती पिशवीसकट पोटांत जाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत अशा पिशव्या एकमेकींत गुरफटून गोळा होतो. तो रवंथावाटे वर येत नाहीं आणि शेणावाटे खालीं जात नाहीं. जनावर दिवसेंदिवस खंगतें, दूध आटतें, भूक मंदावते, आणि मालकास कारण उमगत नाहीं. कधीं ह्या कचऱ्यांतून सुई, तार किंवा खिळा जाऊन काळजाजवळ टोंचतो, मग तर उपायच खुंटतो. मोकळी टाकलेली पिशवी वाईट खरी, परंतु आंत अन्न भरून गांठ मारलेली पिशवी तिच्याहून वाईट; कारण ती जनावरास लावलेलें आमिष आहे.

दुसरें नुकसान जमिनीचें. उकिरड्यावर पडलेलें प्लॅस्टिक शेणखताबरोबर शेतांत जातें. पातळ तुकडा मातींत आडवा पडला म्हणजे त्याच्या खालीं पाणी मुरत नाहीं, त्यावर पडलेल्या बियाचें मूळ खालीं न जातां वळतें, आणि कुळवाच्या फासेंत चिंध्या अडकून कामाचा खोळंबा होतो. येथें एक साधा हिशेब करून पाहूं. एकरास दहा गाड्या खत घातलें आणि प्रत्येक गाडींत वीसच तुकडे गेले असें धरलें, तरी एका वर्षांत एकरीं दोनशें तुकडे होतात. शेणखत हळूहळू आपला गुण देऊन संपतें. तुकडे मात्र संपत नाहींत. पांच वेळां खत घातल्यावर शेतांत हजार तुकडे शिल्लक राहतात. म्हणजे जमीन सुधारण्यासाठीं केलेल्या खर्चानेंच जमीन बिघडत जाते.

तिसरें नुकसान पाण्याच्या वाटेचें. दिनांक २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालें. एवढ्या पावसानें पूर आलाच असता. तथापि गटारें व नाले प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीं तुंबल्यामुळें पाण्याचा निचरा अधिकच अडला, असें त्या वेळीं सर्वांच्या निदर्शनास आलें. हें शहराचें झालें. खेड्यांतहि पाटचारीचें तोंड, रस्त्याखालची मोरी आणि शेताचा सांडवा यांस एक-दोन पिशव्या पुरतात. रात्रीं पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास हा अनुभव सांगावयास नको.

चौथें नुकसान धुराचें. पुष्कळ घरीं चूल किंवा न्हाणीघरांतील बंब पेटविण्यासाठीं प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरतात, कारण त्या लवकर पेट घेतात. ही संवय तात्काळ सोडली पाहिजे. कोणतेंहि प्लॅस्टिक मंद आंचेवर जाळलें म्हणजे घातक धूर निघतो. त्यांत पीव्हीसीचा तुकडा असेल, उदाहरणार्थ फुटका नळ किंवा तारेचें आवरण, तर आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन नांवाचीं अत्यंत विषारी द्रव्यें उत्पन्न होतात. चुलीपाशीं बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरील मुलाच्या फुप्फुसांत हा धूर प्रथम जातो. जाळल्यानें कचरा नाहींसा होत नाहीं. तो केवळ उकिरड्यावरून श्वासांत जातो.

कायदा काय सांगतो

सन २००६ च्या अविघटनशील कचऱ्याविषयींच्या अधिनियमान्वयें महाराष्ट्र सरकारनें दिनांक २३ मार्च २०१८ रोजीं अधिसूचना काढून, जाडी कितीहि असली तरी, सामान नेण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटें-वाट्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा तींत सांगितली. केंद्र सरकारच्या सन २०१६ च्या नियमांनीं प्लॅस्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी शहरांप्रमाणें ग्रामपंचायतींवरहि टाकली. पुढें दिनांक १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तू, जसे प्लॅस्टिकचे पेले, चमचे, ताटल्या व नळ्या, सर्व देशांत बंद झाल्या. आणि दिनांक ३१ डिसेंबर २०२२ पासून देशांत १२० मायक्रॉनपेक्षां पातळ पिशवीस मनाई झाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी जाड असली म्हणजे ती पुन्हां वापरली जाते व भंगारवाल्यासहि ती गोळा करणें परवडतें, हा जाडीच्या नियमांतील हेतू आहे.

तथापि तीस वर्षें सरकारी कागद हाताळल्यानंतर माझें असें मत झालें आहे कीं, हुकूम चावडीपर्यंत पोंचतो. चुलीपर्यंत तो आपणच न्यावा लागतो.

घरचा जमाखर्च

गाय गेल्यानंतर मीं एक वही घातली. एक महिनाभर घरांत आलेलें आणि टाकून दिलेलें प्रत्येक प्लॅस्टिक एका पोत्यांत जमविलें आणि महिनाअखेर नग मोजले. आमच्या सात माणसांच्या घरचा हिशेब येणेंप्रमाणें निघाला: बाजार व किराणा यांच्या पातळ पिशव्या ५२, तेल, मीठ, साखर वगैरे किराणा मालाचे पुडे २७, बिस्किटें, फरसाण व मुलांचा खाऊ यांचीं वेष्टनें ४६, शाम्पू व साबणाच्या पुड्या १९, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या ३०, इतर ८. एकूण नग १८२. घरांत कोणासच हा आंकडा खरा वाटला नाहीं. सर्वांचा अंदाज चाळीस-पन्नासांचा होता.

पुढें सांगितलेले उपाय वर्षभर चालविल्यावर पुन्हां एक महिना मोजणी केली. पातळ पिशव्या ६, किराणा पुडे १८, खाऊचीं वेष्टनें ३१, शाम्पूच्या पुड्या ४, काळ्या पिशव्या एकहि नाहीं, इतर ५, एकूण ६४. म्हणजे ११८ नग कमी झाले. त्यांपैकीं ७६ ह्या नुसत्या पिशव्या होत्या. यावरून असें दिसेल कीं, पिशवी ही एकच बाब हातीं घेतली तरी कामाचा मोठा भाग उरकतो. खाऊच्या बाबतींत आम्हांस विशेष यश आलें नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. नातवंडांपुढें आजोबांची वही चालत नाहीं. काळ्या पिशव्यांच्या गुंडाळीस आमचे दरमहा ऐंशी रुपये जात. ते वर्षास ९६० रुपये वांचले.

पिशवीवांचून कचरा कसा ठेवावा

कचऱ्याच्या डब्यांत पिशवी हवी असें वाटण्याचें कारण एकच: ओला कचरा. तो डब्यास चिकटतो, गळतो व त्यास घाण येते. परंतु घाण कां येते तें पाहिलें पाहिजे. भाजीच्या देंठांत पाणी फार असतें. तें हवाबंद पिशवींत कोंडलें म्हणजे हवेवांचून जगणारे जंतू वाढतात आणि दुर्गंधी उत्पन्न करितात. म्हणजे ज्या पिशवीनें घाण झांकावी असें आपण समजतों, तीच घाण वाढविते. यास्तव पुढील रीत ठेवावी.

(१) घरांत दोन भांडीं ठेवावींत. एक ओल्या कचऱ्यास, एक सुक्यास. ओला म्हणजे जें कुजतें तें. सुका म्हणजे कागद, प्लॅस्टिक, कांच, पत्रा. औषधांच्या बाटल्या, टाकलेल्या विजेऱ्या व सुया यांसाठीं मुलांच्या हातास न येईल असा तिसरा लहान डबा उंच जागीं ठेवावा. तान्ह्या मुलांस शक्य तोंवर सुती दुपटीं वापरावींत. वापरून टाकण्याचे लंगोट किंवा स्त्रियांच्या मासिक वापराच्या वस्तू असल्यास त्या जुन्या कागदांत गुंडाळून निराळ्या ठेवाव्या. उकिरड्यावर कधींहि टाकूं नयेत.

(२) ओल्या कचऱ्याचें भांडें पत्र्याचें किंवा जाड बादलीचें, झांकण असलेलें असावें. तळाशीं सुक्या पाल्याचा, भुशाचा किंवा लांकडाच्या भुकटीचा चार बोटें थर द्यावा. हा थर पाणी शोषून घेतो. कागद सहज मिळत असेल तर वर्तमानपत्राचीं तीन-चार पानें एकावर एक ठेवून भांड्यास आंतून बसवावींत. गुळगुळीत, चकचकीत रंगीत कागद वापरूं नये.

(३) खरकटें भांड्यांत टाकण्यापूर्वीं चाळणींत निथळूं द्यावें. प्रत्येक वेळीं वर मूठभर राख किंवा कोरडी माती टाकावी. एवढ्यानें माशा व वास दोन्ही बहुतांशीं आटोक्यांत राहतात.

(४) भांडें रोज संध्याकाळीं रिकामें करावें, मग भरलें असो वा नसो. दोन भांडीं असल्यास एक वापरांत व एक धुऊन उन्हांत, अशी पाळी ठेवावी. पावसाळ्यांत राखेचें प्रमाण वाढवावें.

(५) जीं सालपटें व देंठें जनावरें खातात तीं ताजीं असतांनाच हातानें निवडून गव्हाणींत टाकावींत. नासलेलें अन्न जनावरास घालूं नये. तें खड्ड्यांत जावें.

पहिला आठवडा घरांतील स्त्रियांस हें जड वाटतें. माझ्या सूनबाईंनीं प्रथम स्पष्ट सांगितलें कीं, मामंजींचा नियम आणि भांडें धुण्याचें काम माझें, हें चालणार नाहीं. त्यांचें म्हणणें न्यायाचें होतें. तेव्हांपासून भांडें रिकामें करणें व धुणें हें काम मीं स्वतःकडे घेतलें, आणि नियम टिकला. नियम करणारानें कामाचा वांटा उचलल्याशिवाय अशा सुधारणा घरांत टिकत नाहींत.

ओल्या कचऱ्याचें खत

ओला कचरा प्लॅस्टिकवांचून मिळूं लागला म्हणजे त्याचें उत्तम खत होतें. या कामीं आपल्या देशांतच मोठें संशोधन झालें आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनीं इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेंत पालापाचोळा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर देऊन, ओलावा राखून व खालवर करून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसविली, आणि सन १९३१ मध्यें ग्रंथरूपानें ती प्रसिद्ध केली. तीस ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं विटांचें, बाजूंस भोंकें असलेलें, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें टांकें भरण्याची ‘नाडेप’ पद्धत काढली. तींत खालवर करण्याचे श्रम वांचतात आणि थोड्या शेणांत, सुमारें शंभर किलोंत, टांकें भरतां येतें. मात्र गाळलेली माती व पालापाचोळा भरपूर लागतो. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतें.

दोन्ही पद्धतींचें मर्म एकच आहे: हवा, ओलावा, आणि हिरव्या व सुक्या पदार्थांचें योग्य मिश्रण. प्लॅस्टिकची पिशवी ढिगांत गेली म्हणजे ती जेथें असेल तेथें हवा व पाणी अडवते आणि तेवढा भाग न कुजतां सडतो. सबब खड्ड्याभोंवतीं काट्यांचें किंवा बांबूचें कुंपण घालावें. त्यामुळें वाऱ्यानें येणारीं बाहेरचीं प्लॅस्टिकें आणि खरकट्यावर येणारीं गुरें, दोन्हीं दूर राहतात. खत गाडींत भरतेवेळीं एक मुलगा केवळ प्लॅस्टिक वेंचण्यास उभा करावा. शहरांतून विकत आणलेलें खत असल्यास तें पाहूनच घ्यावें. पुष्कळदां त्यांत बारीक तुकड्यांचा मोठा भरणा असतो.

घरांत येणारें प्लॅस्टिक कसें अडवावें

आठवडेबाजारास जातांना जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या शिवलेल्या चार-पांच थैल्या बरोबर न्याव्या. कांदे-बटाटे एका थैलींत, पालेभाजी दुसरींत, डाळी-कडधान्यें लहान थैल्यांत. मासे-मटणासाठीं झांकणाचा डबा, तेलासाठीं किटली किंवा डबा, दुधासाठीं चरवी. थैली विसरते ही सर्वांची तक्रार असते; यास्तव एक थैली सायकलीच्या किंवा मोटरसायकलीच्या डिकींत कायमची ठेवावी. नवीन कापड विकत घेऊन थैल्या शिवण्यांत शहाणपण नाहीं. कापूस पिकविण्यास किती पाणी व श्रम लागतात हें शेतकऱ्यास सांगणें नको. जुनी थैली फाटेपर्यंत वापरणें हाच खरा लाभ.

दुकानांत हल्लीं कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी मिळते. ती पुष्कळदां कापड नसून प्लॅस्टिकच असतें. उजेडांत धरून पाहावें. ताणाबाणा, म्हणजे आडवे-उभे विणलेले धागे, दिसले नाहींत आणि दाबून चिकटवलेला लगदा दिसला, तर ती कापडी नव्हे. तसेंच कांहीं पिशव्यांवर ‘कुजणारी’ असें छापलेलें असतें. खरोखरीची कुजणारी पिशवी तयार होते, परंतु ती कुजण्यास मोठ्या कारखानी ढिगांत निर्माण होणारी, साठ अंशांच्या आसपासची उष्णता दीर्घकाळ मिळावी लागते. घरच्या थंड खड्ड्यांत ती पुष्कळ काळ तशीच राहते. शिवाय आंत खरकटें भरलें असतां गाईनें ती गिळण्याचा धोका आहे तो आहेच. शेतकऱ्यास तिची गरज नाहीं.

लग्नकार्यांत पळसाच्या पत्रावळी व द्रोण यांस आपल्याकडे कमी नाहीं. जेवणानंतर त्या थेट खड्ड्यांत जातात. पाण्याच्या बाटल्यांऐवजीं माठ किंवा पिंप व धातूचे पेले ठेवावे.

जें उरतें त्याचें काय करावें

इतकें करूनहि कांहीं प्लॅस्टिक येणारच. दूध-तेलाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवाव्या आणि गोणींत भरून भंगारवाल्यास द्याव्या. स्वच्छ व कोरड्या मालास तो नाहीं म्हणत नाहीं. पिशवीचा कोपरा कापतांना तुकडा पूर्ण तोडूं नये. तो पिशवीस लटकत राहूं द्यावा. असे सुटे कोपरेच मातींत हरवतात व पुढें कोणास वेंचतां येत नाहींत. खाऊच्या चकचकीत वेष्टनांत निरनिराळ्या पदार्थांचे थर एकत्र चिकटविलेले असल्यानें त्यांस भंगारांत सहसा गिऱ्हाईक नाहीं. म्हणून तीं निराळ्या गोणींत सांठवून ग्रामपंचायतीच्या संकलनांत द्यावीं, आणि मुळांत कमीच आणावीं. कीटकनाशकांचे डबे मात्र ह्या घरगुती मालांत कधींहि मिसळूं नयेत. फवाऱ्याच्या टाकींत पाणी घालतांना डबा तीनदां खळबळून तें पाणी टाकींतच ओतावें, डब्यास भोंक पाडावें, आणि तो घरांत कोणत्याहि कामास घेऊं नये. आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद शेतांत वापरणारांनीं पीक निघतांच तो समग्र गुंडाळून काढावा. नांगराखालीं जाऊं देऊं नये.

संस्थेच्या सभासदांस विनंती

एकट्या घरानें नियम पाळून भागत नाहीं, कारण शेजारच्या घरची पिशवी वाऱ्याबरोबर आपल्या गव्हाणींत येते. यास्तव संस्थेनें तीन गोष्टी मनावर घ्याव्या, अशी माझी सूचना आहे. पहिली, संस्थेच्या दुकानांत माल नेण्यास सभासदानें स्वतःची थैली आणावी असा ठराव व्हावा. दुसरी, लग्नकार्यासाठीं धातूच्या ताटा-पेल्यांचा संच संस्थेनें खरेदी करून माफक भाड्यानें द्यावा. तिसरी, महिन्यांतून एक दिवस सुकें प्लॅस्टिक एकत्र गोळा करून भंगारवाल्यास एकदम द्यावें. एका घरच्या गोणीसाठीं तो येत नाहीं, पन्नास घरांच्या गोणींसाठीं येतो.

संत गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवोगांव जी शिकवण दिली तिच्यांत आधीं झाडणें होतें, मग कीर्तन. आपणहि त्याच क्रमानें चालावें. वाचकांनीं येत्या महिन्याच्या एक तारखेपासून आपल्या घरीं एक रिकामें पोतें टांगावें, घरांत आलेलें प्रत्येक प्लॅस्टिक त्यांत टाकावें, आणि महिनाअखेर नग मोजून आंकडा बाबवार संपादकांकडे पाठवावा. माझा १८२ चा आंकडा लहान कीं मोठा, हें त्यावरून समजेल. आणि पहिल्याच दिवशीं, दुसरें कांहीं जमो वा न जमो, खरकटें पिशवींत बांधून बाहेर टाकण्याचें तेवढें बंद करावें. त्यास पैसा लागत नाहीं, साहित्य लागत नाहीं, आणि गोठ्यांतील एखादें जनावर त्यामुळें वांचेल.